घुबडे (जालना जिल्ह्यातील)

जालना जिल्ह्यात दाट जंगल फार थोडे. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, दक्षिण सीमेवर गोदावरी, मध्ये पूर्णा व दुधना यांची खोरी. बाकी सगळी कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि मोसंबीची रानं. अशा उघड्या मुलखातही पिंगळा, गव्हाणी घुबड आणि शृंगी घुबड ही तीन घुबडे टिकून आहेत, कारण तिघांनी शिकारीच्या आणि मुक्कामाच्या जागा वेगवेगळ्या धरल्या आहेत.

गव्हाणी घुबड कानावर शिकार करते. काळ्या मातीच्या भेगांत आणि बांधांत राहणारे उंदीर पिकाखाली दिसत नाहीत, पण पाचोळ्यात त्यांची खसखस होते. या घुबडाचा पांढरा, बदामी आकाराचा चेहरा कानामागे हाताचा द्रोण धरावा तसा आवाज गोळा करतो. त्याची दोन कानछिद्रे एका पातळीत नसतात. आवाज कोणत्या कानावर आधी पडला यावरून डावी-उजवी दिशा कळते, आणि कोणत्या कानाला तो मोठा ऐकू आला यावरून भक्ष्य किती खाली आहे ते कळते. अमेरिकेत रॉजर पेन यांनी 1950 च्या दशकात पूर्ण काळोख्या खोलीत पाला पसरून त्यात उंदीर सोडले आणि घुबडाने ते अचूक टिपले. पाल्यातून ओढलेल्या कागदाच्या बोळ्यावरही त्याने झडप घातली. म्हणजे वास किंवा शरीराची ऊब नव्हे, नुसता आवाज त्याला पुरेसा होता.

आवाजावर शिकार करायची तर स्वतःचे उड्डाणही नि:शब्द हवे. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्याचे दाते, मागच्या कडेला झालर आणि वर मखमली लव असल्याने हवा फडफडत नाही. या मऊ पिसांची किंमतही मोजावी लागते. ती लवकर भिजतात, आणि पावसाच्या आवाजात उंदराची चाहूलही बुडते. झडीच्या रात्री म्हणूनच कठीण जातात.

पिंगळा जेमतेम 21 सेंटिमीटरचा. त्याचा भर डोळ्यांवर असतो. दिवेलागणीला तो तारेवर किंवा लिंबाच्या फांदीवर बसून डोके वर-खाली हलवतो, ते भक्ष्याचे अंतर जोखण्यासाठी. भुंगेरे, पतंग, टोळ, पाली, उंदराची पिले असे काहीही त्याला चालते, त्यामुळे वस्तीतही त्याचे भागते. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट असून खोबणीत फिरत नाहीत. ती उणीव मान भरून काढते. मानेत 14 मणके असतात, माणसाच्या दुप्पट, आणि ती एका बाजूला सुमारे 270 अंश वळते.

शृंगी घुबड सर्वांत मोठे, अर्ध्या मीटरहून थोडे उंच. डोक्यावरची शिंगे ही पिसांची असतात, ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही. ओढ्याची दरड, टेकडीचा कडा, बंद पडलेली खाण या त्याच्या जागा. ते घरटे बांधत नाही. पावसाळा सरून पाणी ओसरल्यावर दरडीतल्या सपाटीवर, उघड्या मातीतच अंडी घालते. तपकिरी, रेघाळ पिसांमुळे अंड्यांवर बसलेली मादी दगडमातीत मिसळून जाते. घुशी, उंदीर, ससे आणि मध्यम आकाराचे पक्षी ते मारते. तिन्ही घुबडांचे बाहेरचे बोट मागे वळू शकते, त्यामुळे पकड दोन पुढे, दोन मागे अशी घट्ट बसते.

उन्हाळ्याची काहिली ही घुबडे सावलीत किंवा पोकळीत बसून, गळ्याची कातडी थरथरवत काढतात. पाण्याची बरीच गरज भक्ष्यातूनच भागते. मात्र पिंगळा किंवा गव्हाणी घुबड ढोली स्वतः कोरू शकत नाही. जुनी झाडे, पडक्या गढ्या, वाडे आणि दगडी विहिरींच्या भिंतींतली भोके यांवरच त्यांचा संसार चालतो. बांधावरचे जुने झाड तोडले किंवा जुनी विहीर बुजवली की शेतात उंदीर असूनही त्यांना खाणारा राहत नाही. मुरमासाठी टेकड्या खोदल्याने शृंगी घुबडाच्या बसण्या-विण्याच्या जागा जातात.

घुबडांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे. ती पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. उंदरांसाठी ठेवलेले ब्रोमाडायोलोनसारखे विष मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या उंदरातून घुबडाच्या पोटात जाते. म्हणून अशा शेतातले मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरावेत.