डिजिटल स्वाक्षरी

संगणकीय दस्तऐवजावर डिजिटल प्रमाणपत्राच्या आधारे केलेली, कायद्याने मान्य असलेली सही. हातच्या सहीचे स्कॅन पीडीएफवर चिकटवले म्हणजे डिजिटल स्वाक्षरी झाली, हा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. असे चित्र कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो. खरी डिजिटल स्वाक्षरी मजकुराशीच बांधलेली असते. सही करताना मजकुरातून ‘हॅश’ नावाची ठरावीक लांबीची संख्या काढली जाते आणि सहीदाराच्या खासगी किल्लीने तिच्यावर गणिती प्रक्रिया होते. पडताळणी मात्र सर्वांना खुल्या असलेल्या, खासगी किल्लीच्या जोडीच्या सार्वजनिक किल्लीने होते. सहीनंतर एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी हॅश जुळत नाही. जोडकिल्लीची ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जाहीरपणे मांडली.

किल्ली कोणाची, याची ग्वाही प्रमाणपत्र देते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेल्या नियंत्रकाचा परवाना असलेल्या संस्थाच ते देऊ शकतात. व्यवहारात या प्रमाणपत्राला ‘डीएससी’ म्हणतात. खासगी किल्ली पिनने संरक्षित यूएसबी टोकनमध्ये राहते. टोकन नसलेल्यांना आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने ‘ई-साइन’ करता येते. मृत्युपत्रावर मात्र आजही डिजिटल सही चालत नाही.

महाराष्ट्रात ही सही सर्वाधिक परिचित झाली ती सातबाऱ्यामुळे. ‘महाभूमी’ संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. शेतकऱ्याचा हेलपाटा वाचवणारी ही मोठी सोय आहे. मात्र सही संगणकीय फाइलमध्ये असते, छापील प्रतीत नाही. म्हणून छापील उतारा त्यावरील पडताळणी क्रमांकानेच तपासावा. फाइल उघडल्यावर सहीवर दिसणारे प्रश्नचिन्ह बनावटपणाचा पुरावा नव्हे. पीडीएफ वाचणाऱ्या प्रणालीने भारतीय मूळ प्रमाणपत्रावर अजून विश्वास नोंदवलेला नसला, तरी ते दिसते.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा गणितात नाही, माणसाच्या सवयीत आहे. कंपनीचे संचालक, सोसायटीचे पदाधिकारी टोकन आणि पिन दोन्ही हिशेबनिसाकडे सोपवून मोकळे होतात. कोऱ्या कागदावर सह्या करून देण्याइतकेच हे धोक्याचे आहे. कायद्याच्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाचीच असते. टोकन हरवल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे.