फ्रेंच फ्राईज

फ्रेंच फ्राईज हा बटाट्याचे लांबट तुकडे तेलात किंवा चरबीत तळून तयार केला जाणारा खाद्यपदार्थ आहे. बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असलेला हा पदार्थ मीठ भुरभुरवून गरम असतानाच खाल्ला जातो. ज्या रासायनिक अभिक्रियेमुळे त्याला सोनेरी रंग व खमंग चव येते, तिच्यातूनच ॲक्रिलामाइड हे अपायकारक ठरू शकणारे संयुगही निर्माण होते. त्यामुळे फ्राईजची चव आणि त्यांचे आरोग्यावरील परिणाम यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

नाव व उगम

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील असून सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. तळलेल्या बटाट्याचा उगम फ्रान्समध्ये झाला की बेल्जियममध्ये, याविषयी दोन्ही देशांत वाद आहे. ब्रिटनमध्ये या पदार्थाला ‘चिप्स’ म्हणतात. भारतात मात्र चिप्स म्हणजे बटाट्याच्या पातळ, कुरकुरीत चकत्या. महाराष्ट्रात त्यांना ‘वेफर्स’ असेही नाव आहे.

कृती व चव

पारंपरिक बेल्जियन पद्धतीत बटाटे दोनदा तळतात. पहिल्या वेळी सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमानाला आतील स्टार्च शिजून मऊ होते. तुकडे थोडे निवल्यावर ते सुमारे १८० अंशांच्या तेलात पुन्हा तळतात. या वेळी पृष्ठभागावरील पाणी वाफ होऊन निघून जाते व कुरकुरीत कवच तयार होते. याच टप्प्यात अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात मैलार्ड अभिक्रिया घडते आणि तिच्यातून रंग, गंध व चव देणारी अनेक संयुगे निर्माण होतात. फ्राईज थंड झाल्यावर आतील ओलावा कवचात शिरतो व कुरकुरीतपणा जातो.

यासाठी स्टार्च अधिक व शर्करा कमी असलेले बटाटे योग्य ठरतात. अमेरिकेत रसेट बरबँक, तर बेल्जियममध्ये बिंतये ही वाणे प्रसिद्ध आहेत. शिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने भारतात फ्राईजसाठी ‘कुफरी फ्रायसोना’ हे वाण विकसित केले आहे.

पोषणमूल्ये

१०० ग्रॅम फ्राईजमधून सुमारे ३१० किलोकॅलरी ऊर्जा, १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ व ४१ ग्रॅम कर्बोदके मिळतात. तेवढ्याच उकडलेल्या बटाट्यातून ९० किलोकॅलरींहून कमी ऊर्जा मिळते. तळताना पाण्याचे प्रमाण घटते व तेल शोषले जाते, हे या फरकाचे कारण आहे. पातळ तुकड्यांचा पृष्ठभाग तुलनेने जास्त असल्याने ते अधिक तेल शोषतात. फ्राईजमध्ये पोटॅशियम व काही प्रमाणात तंतुमय पदार्थही असतात.

आरोग्यावरील परिणाम

ॲक्रिलामाइड : बटाट्यातील ॲस्परजिन हे अमिनो आम्ल व शर्करा १२० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला एकत्र आल्यास ॲक्रिलामाइड तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याची नोंद ‘मानवात संभवतः कर्ककारक’ या गटात केली. अन्नपदार्थांतील त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी जाहीर केले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध आढळला आहे. आहारातील प्रमाणाबाबत मानवी अभ्यासांतून मात्र सुसंगत निष्कर्ष मिळालेले नाहीत. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमावलीत खाण्यास तयार फ्राईजसाठी प्रतिकिलो ५०० मायक्रोग्रॅम ही निर्देशक पातळी ठरवण्यात आली.

मधुमेह : २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात, आठवड्यातून तीन वेळा फ्राईज खाण्याशी प्रकार २ मधुमेहाचे सुमारे २० टक्के अधिक प्रमाण निगडित आढळले. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्यांबाबत असा ठळक संबंध दिसला नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

मीठ : जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. फ्राईजवरील मिठात सॉसमधील मिठाचीही भर पडते.

तळण्याचे माध्यम

बेल्जियममध्ये परंपरेने गोवंशीय चरबी वापरली जाते. अमेरिकेतील मॅकडोनल्ड्सने कोलेस्टेरॉलविषयीच्या टीकेनंतर १९९० मध्ये चरबीऐवजी वनस्पती तेलाचा वापर सुरू केला. परंतु त्या काळी वापरल्या जाणाऱ्या अंशतः हायड्रोजनीकृत तेलांत हृदयविकाराचा धोका वाढवणारी ट्रान्स मेदाम्ले होती. शिवाय अमेरिकेतील फ्राईजमध्ये गोमांसजन्य स्वादद्रव्य असल्याचे २००१ मध्ये उघड झाल्यावर हिंदू व शाकाहारी ग्राहकांनी दावे दाखल केले. २००२ मध्ये कंपनीने तडजोडीत १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतात असे स्वादद्रव्य वापरले जात नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले होते.

भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा २ टक्के आहे. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास मनाई आहे.

धोका कमी करण्याचे उपाय

चिरलेले बटाटे १५ ते ३० मिनिटे पाण्यात भिजवल्यास पृष्ठभागावरील शर्करा काही अंशी निघून जाते; तळण्यापूर्वी ते पूर्ण कोरडे करणे आवश्यक असते. फ्राईज तपकिरी होऊ न देता फिकट सोनेरी रंगावरच काढल्यास ॲक्रिलामाइड कमी तयार होते. फार थंड जागी साठवलेल्या बटाट्यांत शर्करा वाढते, म्हणून असे बटाटे तळण्यासाठी टाळले जातात. एअर फ्रायरमध्ये तेल कमी लागते. ॲक्रिलामाइड मात्र त्यातही तयार होते. याखेरीज खाण्याचे प्रमाण व वारंवारता मर्यादित ठेवणे महत्त्वाचे मानले जाते.

खाद्यसंस्कृती

बेल्जियम व नेदरलँड्समध्ये फ्राईज मेयोनीजसोबत, तर ब्रिटनमध्ये मीठ व व्हिनेगर घालून, बहुधा तळलेल्या माशासोबत खातात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्यांवर ताज्या चीजचे तुकडे व गरम रस्सा घालून ‘पुतिन’ हा पदार्थ केला जातो. बेल्जियममध्ये फ्राईज विकणाऱ्या टपऱ्यांना ‘फ्रिटकोट’ म्हणतात. तेथे सर्व थरांतील लोक एकत्र उभे राहून खातात. या परंपरेला त्या देशातील भाषिक समुदायांनी अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे.