हँडब्रेकची हद्दपारी आणि पुनरागमन (थ्रेड)

किल्ले, तह आणि ताम्रपट यांना आज रजा. आजचा धागा एका लोखंडी दांडीविषयी आहे : मोटारीतील हँडब्रेक. १९८०च्या दशकारंभी रॅलीच्या जगात चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारी आल्या आणि ही दांडी चालकाच्या हाती असूनही निरुपयोगी झाली. ती पूर्ववत कामाची व्हावी म्हणून पुढे संगणकाची मदत घ्यावी लागली.

आधी दांडीचे काम समजून घेऊ. हँडब्रेक सामान्यतः फक्त मागील चाके रोखतो. धावत्या मोटारीची मागील चाके फिरायची थांबली की त्यांची रस्त्यावरची बाजूची पकड सुटते, शेपूट बाहेर फेकली जाते आणि घाटातल्या हेअरपिन वळणावर मोटार जागच्या जागी तोंड फिरवते. मिनी कूपरसारख्या पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारींत हे सहज साधत असे, कारण मागील चाके इंजिनाशी जोडलेलीच नसत.

मार्च १९८०. जिनिव्हाच्या प्रदर्शनात आउडी क्वाट्रो अवतरली. फेब्रुवारी १९८१ मध्ये हानू मिकोलाने तिच्यावर स्वीडनची रॅली जिंकली. त्याच वर्षी सानरेमो येथे मिशेल मूतों विजयी झाली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. क्वाट्रोचा इतिहास बहुधा असाच, विजयामागून विजय, सांगितला जातो. माझ्या मते त्यात एक बाजू निसटते : या मोटारीने चालकाकडून काय हिरावून घेतले?

वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा थोडी लांबची वाट कापतात. म्हणून दोन्ही आसांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी एक दातेरी यंत्रणा मध्ये बसवावी लागते. तेच सेंटर डिफरन्शियल. ते पूर्ण मोकळे ठेवले तर एका आसाची चाके चिखलात घसरताच सारी शक्ती तिथेच वाया जाते. त्यामुळे क्वाट्रोत ते कुलूपबंद करण्याची सोय होती. कुलूप लागले की पुढील व मागील आस जणू एकाच दांड्याने बांधले जातात.

आता हँडब्रेक ओढा. मागील चाके थांबू पाहतात, पण बांधलेली पुढील चाकेही त्यांच्याबरोबर अडतात आणि गिअर पडलेला असेल तर इंजिनाचाही गळा आवळला जातो. मोटार वळत नाही, नुसती अडखळत सरळ जाते. येथे पुष्कळांची एक गल्लत होते. क्लच दाबला की प्रश्न मिटेल, असे त्यांना वाटते. क्लच फक्त इंजिनाला वेगळे करतो. दोन आसांची गाठ त्याच्याही पलीकडे, गिअरबॉक्सच्या पुढे पडलेली असते. ती तशीच राहते.

मग चालकांनी काय केले? डाव्या पायाने ब्रेक दाबत उजव्या पायाने गती राखायची, किंवा वळणाआधी मोटार उलट दिशेला झुलवून मग एकदम फिरवायची. या विद्या उत्तरेकडील चालकांना आधीपासून अवगत होत्या. साबच्या मोटारींवर घडलेला स्टिग ब्लोमक्विस्ट १९८४ मध्ये आउडीवर विश्वविजेता झाला, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

मधला मार्ग व्हिस्कस कपलिंगचा. यात सिलिकॉनचे दाट द्रव दोन आसांना सैलसर बांधून ठेवते. पण दोन आसांच्या गतीत जितके अंतर वाढेल तितका या द्रवाचा विरोध वाढतो आणि हँडब्रेक ओढल्यावर तर हे अंतर सर्वांत जास्त असते. म्हणजे सुटका हवी असते नेमकी त्याच क्षणी हे कपलिंग ओढून धरते, वर तापतेही.

खरा पेच असा होता : बंधन हवे आणि एका क्षणासाठी ते नकोही. १९९०च्या दशकात रॅली-संघांनी संगणकाच्या आज्ञेने घट्ट-सैल होणारी डिफरन्शियल्स वापरात आणली. २००१ मध्ये मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशन सात या मोटारीत ती कल्पना सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. जुन्या व्हिस्कस कपलिंगच्या जागी तेलाच्या दाबाने आवळला जाणारा अनेक चकत्यांचा क्लच आला. डांबर, खडी आणि बर्फ असे तीन पर्याय चालकापुढे होते. आणि हँडब्रेक ओढताच संगणक त्या चकत्या मोकळ्या सोडत असे! मागील चाके थांबत, पुढील फिरत राहत, शेपूट वळे.

मोकळ्या डिफरन्शियलचेही एक गणित असते. त्याला मिळणारी गती ही दोन्ही आसांच्या गतींची सरासरी असते. मागील आस शून्यावर आला तर गिअरबॉक्सकडील बाजू एकदम निम्म्यावर येते. म्हणून अशा मोटारीतही हँडब्रेकबरोबर क्लच दाबणेच इष्ट.

जागतिक रॅलीच्या नियमांत पुढे मोठे चढउतार झाले. २०११ पासून सेंटर डिफरन्शियलच वगळले गेले. दोन आस पुन्हा बांधले गेले, मात्र हँडब्रेक ओढताच मागील आसाची जोडणी सोडवणारी यंत्रणा ठेवण्यात आली. क्वाट्रोच्या चालकांकडे नव्हते ते नेमके हेच. २०१७ मध्ये संगणकनियंत्रित सेंटर डिफरन्शियल परतले आणि २०२२च्या नव्या नियमांत खर्च व गुंतागुंत कमी करण्यासाठी ते पुन्हा गेले.

लान्सरच्या त्या दांडीत मात्र एक जुनी गोष्ट दडलेली आहे. चालकाने हँडब्रेक ओढला, हे संगणकाला एका साध्या स्विचवरून कळते. तो स्विच बिघडला तर दांडी मागील चाके रोखेल, पण चकत्यांना सुटण्याची आज्ञा जाणार नाही. आणि हेअरपिनवरच्या चालकापुढे पुन्हा १९८१ साल उभे राहील.