फोर्ट स्टिकिन : घाईत बांधलेलं जहाज, घाईत भरलेला माल

सध्या माझं पोस्टिंग जयपूरला, गोपालपुऱ्याजवळ. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण नकाशावर मुंबई ते शिमला सरळ रेघ ओढा, ती जयपूरवरून जाते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटाचा हादरा शिमल्याच्या भूकंपमापकाने टिपला होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजं भराभर बुडवत होत्या. त्यावर उपाय एकच होता, बुडतील त्याहून वेगाने जहाजं बांधायची. इंग्लंडमधल्या संडरलंडचा एक साधा आराखडा निवडला गेला. जुन्या पद्धतीचं वाफेचं इंजिन, वेग जेमतेम ११ नॉट, पण पोटात सुमारे दहा हजार टन माल. त्याच आराखड्यात फेरफार करून अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजं उतरवली. कॅनडाने फोर्ट जहाजं बांधली. त्यांपैकीच १९४२ साली प्रिन्स रुपर्ट बंदरात तयार झालेलं 'फोर्ट स्टिकिन'.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ते बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी भरल्या. दोन नंबरच्या कोठारात खाली कापूस आणि वर स्फोटकं! युद्धकाळात एक फूट जागाही रिकामी ठेवणं परवडत नव्हतं, हे खरं. पण आगीला तो हिशेब कळत नाही.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलं. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला. आत ९०० टनांहून अधिक पाणी ओतलं, ते उकळू लागलं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. मृतांचा अंदाज ८०० ते १,३०० आहे. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आत काय आहे हे कळल्यावरही ते पाण्याचे पाइप धरून उभे राहिले.

त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. प्रत्येक युनिटमध्ये फायर ड्रिल होते, आणि नवीन पोरांना तो कंटाळा वाटतो. त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. दारूगोळा एकीकडे, जळाऊ सामान दुसरीकडे, हा नियम कागदावर साधा दिसतो. त्याची किंमत मुंबईने मोजली आहे.

जय हिंद.