तीन चाके आणि मागचे पाटे

बैलगाडीला कमान नसते. चाक दगडावर चढले की आस उचलला जातो, आणि आसाबरोबर वरचे सगळे बिऱ्हाड. ज्वारीच्या पोत्याला त्याचे सुखदुःख नाही. बसणाऱ्या माणसाला आहे. म्हणून टांग्याला पोलादी पाटे आले. युरोपात पूर्वी घोड्याच्या गाड्या चामडी पट्ट्यांवर टांगीत असत. १८०४ च्या सुमारास इंग्लंडात ओबाडाया एलियट याने लंबगोल कमानींचे पेटंट घेतले आणि गाडीचा साटा थेट कमानींवर बसू लागला. तेच पाटे पुढे मोटारीच्या काळात मालगाडीखाली गेले, आणि तिथे त्यांच्यापुढे वेगळाच पेच उभा राहिला. टांग्यात माणसे चार असोत वा दोन, फरक थोडा. माल वाहणारे वाहन मात्र जाताना भरलेले आणि येताना रिकामे. एकाच कमानीने दोन्ही वेळा नीट वागावे कसे?

हा पेच तीनचाकीइतका दुसऱ्या कोणत्या वाहनात उघडा पडत नाही, आणि तिचा खरा इतिहास घडला जपानात. १९३१ साली हिरोशिमाजवळच्या फुचू येथील तोयो कोग्यो या कारखान्याने ‘माझदा-गो’ नावाची गाडी बाजारात आणली. पुढून पाहाल तर मोटरसायकल: दांडा, खोगीर, एक चाक. मागून पाहाल तर हातगाडीचा साटा, खाली आडवा कणा आणि दोन चाके. इंजिन ४८२ घनसेंटिमीटरचे, ओझे २०० किलो. म्हणजे आपल्या हिशेबाने क्विंटलाची दोन पोती. जपानातील अरुंद गल्ल्यांत आणि लहान दुकानदारांच्या ऐपतीत ती बरोबर बसली.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. शहर आणि कारखाना यांच्यामध्ये एक टेकडी होती, तिच्या आडोशाने कारखान्याच्या इमारती बऱ्याचशा वाचल्या. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे पुन्हा तीनचाकी गाड्या तयार होऊ लागल्या! उभारणीच्या त्या दिवसांत ओझी काही २०० किलोंवर थांबणार नव्हती. १९५० मध्ये एक टन वाहणारी गाडी निघाली; १९६२ मध्ये ‘टी-२०००’ आली, ती दोन टनांची. दांड्याच्या जागी गोल चक्र आले, चालकाच्या डोक्यावर टप आला, इंजिन चौपट झाले. ओझे मात्र दहापट, आणि पुढचे चाक एकच्या एकच. ते वाढते ओझे जाऊन बसले मागच्या कण्यावर, म्हणजेच मागच्या पाट्यांवर.

आता पाटा कणखर करायचा कसा? शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखविता येईल. लाकडी फूटपट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा, टोकाला वजन टांगा आणि ती किती वाकते ते मोजा. वजन दुप्पट केले तर वाकही दुप्पट. हा रॉबर्ट हूकने १६७८ साली छापलेला नियम. आता तशीच दुसरी पट्टी नुसती वर ठेवा, चिकटवू नका. वाक निम्मा होईल. पण एकच पट्टी दुप्पट जाडीची घेतलीत, तर वाक आठवा हिस्साच उरेल. मिस्त्री चार पाट्यांखाली त्याच जाडीचा पाचवा घालतो तेव्हा कमान पावपटीने कणखर होते. पण घाईत जाडजूड पाटे बसवले की ती दगड होते. मग रिकामी गाडी परतताना अशी उडते की कण्याला आणि सांध्यांना हादरे बसतात, चालकाची कंबर मोडते ती वेगळीच. याला तोड म्हणून जादा पाटा निघाला. तो मुख्य पाट्यांपासून थोडा दूर असतो. रिकाम्या गाडीत तो आरामात, ओझ्याने कमान दबली म्हणजे टेकतो आणि भार उचलतो. मला विचाराल तर वाफेच्या इंजिनाइतके कौतुक या साध्या युक्तीचेही व्हायला हवे होते.

तीनचाकीत आणखी एक गोम आहे. वळणावर गाडी कलते, तेव्हा चारचाकीत पुढची जोडीही तिला सावरते. इथे पुढचे एकटे चाक सावरायला जवळजवळ निरुपयोगी; सगळा आधार मागच्या दोन कमानींचा. म्हणून मागे मऊ कमान ही केवळ गैरसोय नव्हे, धोका आहे. तसंच, माल कण्याच्या मागे लोंबला तर तराजूसारखं होतं: मागे दबतं, पुढे उचलतं, आणि पुढचे चाक हलके झाले की दांडा फिरवूनही गाडी वळत नाही. माल पार पुढे रेटला तर वळणावर उलटण्याची भीती वाढते, कारण पुढे गाडीचा पाया निमुळता असतो. जागा एकच: कण्याच्या किंचित पुढे, आणि होईल तितकी खाली.

आपल्याकडे हा सगळा विचार कागदावर कमी आणि मिस्त्र्याच्या हातात अधिक राहिला. दिल्लीत महायुद्धातून उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींची मागची बाजू कापून ‘फटफटी’ बनवल्या गेल्या. प्रदूषणाच्या प्रश्नावरून त्या १९९८ मध्ये बंद झाल्या. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या अर्ध्या भागाला साटा जोडून ‘छकडो’ तयार झाला. नाव पाहा, आपल्या छकड्याचेच सख्खे भावंड! १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि जर्मन बनावटीची तीनचाकी टेम्पो इथे तयार होऊ लागली. तिचे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकाला. मागे बेसुमार भरले की ओढणारे चाकच हलके व्हायचे. त्या गाडीने आपल्याला शब्द मात्र असा दिला की आज चार चाकांवर माल आला तरी आपण म्हणतो, टेम्पो आला.

या गाड्यांवर माणसेही बसत, बहुधा साट्याच्या कडेला, पाय बाहेर सोडून. पाटे वाढवलेले असत, म्हणून गाडी बसलेली दिसत नसे आणि आणखी दोघे चढत. वाढलेला पाटा ओझे उचलतो. ब्रेक वाढवत नाही, सांगाडा वाढवत नाही, टायर तर मुळीच नाही. पूर्वी दबलेला पाटा निदान सांगत तरी असे, की आता पुरे.