खुर्दा हवा की नको?

वाण्याच्या दुकानातला नेहमीचा प्रसंग घ्या. साखर, चहापत्ती, काडेपेटी घेतली, हिशेब झाला अठ्ठ्याण्णव रुपये. आपण शंभराची नोट पुढे करतो. दुकानदार गल्ला चाळवतो, "सुटे नाहीत हो" म्हणतो, आणि दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या हातावर ठेवतो. आपणही त्या मुकाट्याने घेतो. पण उद्या त्याच दोन गोळ्या घेऊन जा आणि त्यांच्या बदल्यात काडेपेटी मागा. देईल का तो? देणार नाही. म्हणजे गोळी हे नाणे नव्हे. नाणे ते, जे देणाऱ्याचेही चालते आणि घेणाऱ्याचेही.

आता कोणी म्हणेल, एक-दोन रुपयांचे एवढे काय घेऊन बसलात? लहान नाणी पाडायला खर्च फार येतो, बँकांना ती मोजायचा कंटाळा, खिशाला त्यांचे ओझे. मग सरकारने ती ठेवावीत तरी कशाला? हा आक्षेप अगदीच खोटा नाही. अमेरिकेत एक सेंटचे नाणे १७९३ पासून चालत आले होते. २०२४ साली ते पाडायला साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागला. आपल्याकडे ह्यालाच म्हणतात चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे चलनासाठी ते नाणे पाडणे थांबले. कॅनडाने तर २०१२ सालीच हा निर्णय घेतला होता. तेव्हा लहान नाणे कधी ठेवावे आणि कधी निरोप द्यावा, हा प्रश्न खराच आहे. त्याचे उत्तर शोधायला आपण जरा आपल्याच इतिहासात डोकावू.

सुरुवात कवडीपासून करू. आज कवडी आपल्याला दिसते ती तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातल्या माळेत, किंवा "कवडीमोल" ह्या शब्दात. पण बंगाल-ओडिशाकडे कवडी हे शेकडो वर्षे खरेखुरे चलन होते. मालदीव बेटांवरून गलबते भरून कवड्या येत. बाजारहाट कवड्यांत होई, आणि ओडिशात शेतसाराही कवड्यांत भरता येई. १८०३ साली इंग्रजांनी ओडिशा घेतला आणि सारा चांदीच्या रुपयांतच भरला पाहिजे, असा दंडक घातला. कुणब्याच्या घरात तर कवड्या! त्या मोडून रुपया घ्यायला जावे, तर एका रुपयाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कवड्या पडू लागल्या. सारा कागदावर तेवढाच, पण द्यावा लागे अधिक. त्यातच मीठ महाग झाले, पाइकांच्या इनामजमिनी गेल्या. १८१७ साली खुर्दा येथे बक्षी जगबंधू यांच्या पुढारीपणाखाली पाइकांचा मोठा उठाव झाला. मोडीला आपण खुर्दा म्हणतो, आणि हे गावाचे नावही खुर्दा! नावाचे साम्य सोडून द्या. पण ह्या उठावाच्या अनेक कारणांत कवडीचे चलन बंद होणे हेही एक कारण होते, हे विसरू नये. गरिबाच्या हातातले चलन सरकारने आपल्या खजिन्यात घेणे बंद केले की त्याची झळ गरिबालाच लागते.

इकडे महाराष्ट्रात गरिबाचे नाणे म्हणजे तांब्याची शिवराई. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति". सोन्याचा होन किती जणांनी पाहिला असेल? शिवराई मात्र आठवड्याच्या बाजारात हातोहात फिरे. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी लोकांनी शिवराई सोडली नाही. पुढे बराच काळ ती चालतच राहिली.

१८३५ साली कंपनी सरकारने सर्वत्र एकच रुपया सुरू केला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयात १९२ पै. आजच्या मुलांना हे गणित विचित्र वाटते, पण त्यात एक सोय होती. रुपया अर्धा केला की आठ आणे, पुन्हा अर्धा केला की चार आणे म्हणजे पावली, पुन्हा अर्धा केला की दोन आणे म्हणजे चवली, मग आणा. कुठेही अपूर्णांक उरत नाही. भाकरी मोडावी तसा रुपया मोडत असे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घेत, त्याचे एक कारण हेच. बाजारात त्यांचा रोज उपयोग होता.

दुसऱ्या महायुद्धात ह्या खुर्द्याची किंमत लोकांना कळली. धातू युद्धाकडे वळला आणि सुटी नाणी मिळेनाशी झाली. १९४३ साली सरकारने मध्ये छिद्र असलेला पैसा काढला. तोच आपला भोकाचा पैसा. भोक कशाला, तर तेवढाच धातू वाचावा म्हणून! काठेवाडातल्या मोरवीसारख्या संस्थानाने तर मोडीसाठी कागदी कूपने काढली. रुपया आहे, पण मोड नाही, म्हणून व्यवहार अडतो, ही गोष्ट तेव्हा साऱ्यांनी अनुभवली.

मग आला १ एप्रिल १९५७. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हिशेबाला ही पद्धत सोपी, ह्यात शंका नाही. पण शंभराचे अर्धे पन्नास, पन्नासाचे अर्धे पंचवीस, आणि पुढे? साडेबारा! इथे भाकरी नीट मोडेना. आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर नाही. म्हणून सरकारने कोष्टक छापले. अर्धा किंवा त्याहून कमी भाग सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा धरायचा. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आणि एक जुना पैसा म्हणजे २ नवे पैसे.

शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. एकाने आण्याची वस्तू एकदम घेतली आणि ६ नवे पैसे दिले. दुसऱ्याची ऐपत एका वेळी एका जुन्या पैशाची. त्याने तीच वस्तू चार वेळा घेतली आणि दर वेळी २ नवे पैसे दिले. झाले किती? आठ. म्हणजे सहाच्या जागी आठ, एक तृतीयांश जास्त! जुना पैसा हाती होता तोवर तो देऊन निभावत असे. नवे नाणे देणाऱ्याला मात्र हा भुर्दंड. ह्यात कोणाची लबाडी नाही, नियम सर्वांना सारखाच. तरीसुद्धा जो थोडेथोडे विकत घेतो, त्याच्यावर त्याचा भार जास्त पडतो. लहान नाण्याचा सारा प्रश्न ह्या एका उदाहरणात आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६४ साली "नवा" हा शब्द गेला, नुसता पैसा राहिला. महागाई वाढली तशी नाणी ॲल्युमिनियमची झाली. पाण्यावर तरंगतील की काय, अशी हलकी. एक, दोन आणि तीन पैशांची नाणी पाडणे १९७० नंतरच्या दशकात हळूहळू थांबले. शेवटी ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी कायद्याने रद्द झाली. पावली गेली. त्याबद्दल कोणी रडले नाही, कारण त्या नाण्यांना बाजारात काही येतच नव्हते. पन्नास पैसे अजून कायद्याने चालू आहेत, पण बाजारात ते कोणी घेत नाही.

गंमत अशी, की नाणे गेले तरी माप राहते. पिकाची आणेवारी आता पैसेवारी झाली, आणि ती पन्नास पैशांच्या आत आहे की वर, ह्यावर गावाला टंचाईच्या सवलती मिळणार की नाही हे ठरत आले आहे. दूध घालणाऱ्याला विचारा, लिटरमागे पन्नास पैसे कमी-जास्त झाले तर महिन्याच्या शेवटी काय फरक पडतो. पैसा खिशातून गेला, पण हिशेबातून गेलेला नाही.

मग आता करावे काय? माझे मत असे, की ज्या नाण्याला बाजारात काहीच येत नाही, त्याला निरोप द्यावा. त्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. पन्नास पैशांची वेळ बहुधा आली आहे. रुपयाची मात्र आलेली नाही. काडेपेटी, मुलांच्या गोळ्या, वाण्याची मोड, देवापुढची सव्वा रुपयाची परंपरा, आहेराच्या पाकिटावरचा एक रुपया, ह्या साऱ्यांत रुपया अजून काम करतो आहे.

आणि नाणे काढायचेच, तर त्याच्या जागी नियम हवा. कॅनडाने काय केले पाहा. प्रत्येक वस्तूची नव्हे, तर एकूण बिलाचीच रक्कम जवळच्या पाच सेंटांपर्यंत आणायची; कधी खाली, कधी वर. तीही फक्त रोखीने देणाऱ्याची. आपल्याकडे आज काय होते? मोबाईलवर यूपीआयने देणारा माणूस पैशापर्यंत चोख रक्कम देतो. रोख देणारी म्हातारी आजी मात्र गोळ्या घेऊन घरी जाते. रोज एक रुपया असा गेला, तर वर्षाचे तीनशे पासष्ट होतात. कवडीच्या वेळी जे झाले आणि १९५७ साली जे झाले, तेच हे. फरक इतकाच, की १९५७ साली निदान कोष्टक छापलेले होते. आज ते दुकानदाराच्या मनात आहे.

म्हणून उद्या दुकानात गेलात तर गोळी परत करा आणि सुटे मागा. आणि आपल्या डब्यात साठलेले रुपये बाहेर काढा, कारण मोड अडते ती आपणही ती दडवून ठेवतो म्हणून. एखादे नाणे गेले तरी चालेल, गरिबाचा हिशेब मात्र चोख राहिला पाहिजे.