पवित्र क्रुसाचें जुनें इस्पितळ

महोत्सवाच्या प्रसंगीं देवालयांचा इतिहास आपण आवडीनें वाचतों. परंतु त्यांच्या सावलींत जीं इस्पितळें उभी राहिलीं, त्यांचें स्मरण सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून आज आम्ही वाचकांस स्पेन देशांतील बार्सेलोना शहरीं नेत आहों. तेथील 'सांता क्रेउ', म्हणजे पवित्र क्रुसाचें इस्पितळ, ही एक फार जुनी वास्तु आहे.

सन १४०१ मध्यें शहरांतील सहा लहान इस्पितळें एकत्र करून हें थोरलें इस्पितळ स्थापण्यांत आलें. नगरसभा आणि कॅथेड्रलचें धर्मगुरुमंडळ ह्या दोघांनीं त्याचा भार उचलला. मोठ्या चौकाभोंवतीं दगडी कमानींचीं उंच दालनें बांधलीं. रोगी, टाकून दिलेलीं अर्भकें, वेडे, वाटसरू, सर्वांस तेथें आसरा मिळे. पांचशें वर्षांहून अधिक काळ हें दार गरिबांस उघडें होतें.

पुढें शहर वाढलें व जागा अपुरी पडूं लागली. पाउ गिल ह्या सावकाराच्या मृत्युपत्रांतील देणगीमुळें १९०२ सालीं नव्या इस्पितळाचें काम सुरू होऊन तें १९३० सालीं पुरें झालें. मात्र जुन्या वास्तूच्या अखेरच्या दिवसांत एक हृदयस्पर्शी प्रसंग घडला.

७ जून १९२६ रोजीं एका वृद्धास ट्रामगाडीचा धक्का बसला. अंगावर जीर्ण कपडे, जवळ ओळखीचा कागद नाहीं. बघणाऱ्यांनीं त्यास भिकारीच मानलें. भाड्याच्या मोटारवाल्यांनींही त्यास नेण्याचें नाकारलें. अखेर तो ह्याच इस्पितळांत आला. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, हे तर पवित्र कुटुंबाचें भव्य मंदिर उभारणारे शिल्पकार आंतोनी गाउदी! त्या मंदिरासाठीं चाळिसांहून अधिक वर्षें वेंचलेल्या ह्या पुरुषानें १० जून रोजीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, गरिबांच्या त्या इस्पितळांतच देह ठेविला. त्याच मंदिराच्या तळघरांत त्यांस पुरण्यांत आलें. २०२५ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांच्या थोर सद्गुणांस मान्यता दिली.

१९४० पासून त्या दालनांत कातालोनियाचें ग्रंथालय आहे. खाटांच्या जागीं वाचकांचीं मेजें आलीं. शहरास त्या दिवशीं आपला थोर पुरुष ओळखतां आला नाहीं. इस्पितळानेंही त्यास ओळखलें नव्हतें. तरी खाट दिली. आमच्या मतें ह्या वास्तूचें खरें मोठेपण तें हेंच. आपल्या दारीं असा अनोळखी मनुष्य आला, तर आपण आधीं काय विचारूं, ह्याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.